जोत्याचा रंग

इंदुरातल्या जुन्या मराठी घरांच्या भिंती आज पिवळ्या, गुलाबी, पोपटी अशा कोणत्याही रंगाच्या सापडतील. जोते, म्हणजे भिंतींखालचा दगडी चौथरा, मात्र बहुतेकांचे एकाच रंगाचे असते. घडीव दगडांच्या त्या थरांना आपण सवयीने काळा पाषाण म्हणतो, पण वैशाखाच्या उन्हात कोरडा पडलेला हा दगड नीट पाहिला तर तो राखाडी असतो, आणि तोही एकसारखा नव्हे. एका चिऱ्यात निळसर झाक असते, शेजारच्यात किंचित हिरवट, तिसरा लोखंडाच्या अंशामुळे कडेने तांबूस झालेला असतो. पहिल्या पावसात तेच चिरे काळेभोर होतात. देवळातल्या काळ्या मूर्ती इतक्या काळ्या दिसतात त्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या तेला-लोण्यामुळे. त्याच दगडाचा पाटा-वरवंटा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात करड्या अंगाने पडून असतो आणि त्याच्या रंगाकडे कोणी लक्ष देत नाही.

सासरचे घर दुरुस्त करायला काढले तेव्हा रंगाचा विषय निघणार हे ठरलेलेच होते. घर मल्हारगंजाच्या बाजूला आहे. त्याला आम्ही वाडा म्हणतो, पण तो मराठी माणसाचा वडिलोपार्जित अभिमान झाला. प्रत्यक्षात पुढे ओटी, मध्ये लहानसा चौक, चौकाभोवती चार-सहा खोल्या आणि वर नंतर चढवलेला मजला, एवढाच त्याचा पसारा आहे. धाकट्या दिरांनी मोबाइलवर पुष्कळ छायाचित्रे जमवली होती. त्यांत भिंती राखाडी, सोफा राखाडी, पडदे राखाडी, गालिचा राखाडी आणि कोपऱ्यातल्या कुंडीतले झाडसुद्धा जमेल तितके राखाडी होते. ‘वहिनी, हल्ली सगळीकडे ग्रेच चालतो,’ असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची आवड मला नापसंत नव्हती. माझे म्हणणे एवढेच होते, की ज्या घराचे जोते, चौकाची फरशी, जाते, उखळ आणि तुळशीवृंदावन मुळातच राखाडी आहे, त्या घरात हा रंग डब्यातून आणण्याची गरज नाही. तो आधीपासून आहे, त्याच्यावर काय काय थापले गेले आहे ते काढावे आणि मग लागेल तेवढीच भर घालावी. घराच्या कामात पुढे जे निर्णय झाले ते बहुतेक या एका म्हणण्यातून झाले.

हा दगड इंदूरच्या वाट्याला कसा आला हे समजून घेण्यासारखे आहे. माळव्याचे पठार आणि दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या एकाच ज्वालामुखी पर्वातून घडले. लाव्ह्याचे थरांवर थर पसरत गेले, थंड होऊन त्यांचा बसाल्ट झाला, आणि त्यातल्या लोहयुक्त खनिजांनी त्याला हा गडद रंग दिला. सह्याद्रीत जो दगड तोच विंध्याच्या माथ्यावरही सापडतो. त्यामुळे जेजुरीजवळच्या होळ गावचे मल्हारराव होळकर अठराव्या शतकात माळव्यात स्थिरावले आणि त्यांच्यामागोमाग देशावरची कुटुंबे इकडे आली, तेव्हा नर्मदा ओलांडूनही पायाखालचा दगड त्यांना परका वाटला नसावा. ग्वाल्हेरला गेलेल्या मराठ्यांना वालुकाश्म मिळाला. तो फिकट, पिवळसर आणि कोरीव कामाला मऊ असल्यामुळे तिथल्या मराठी घरांच्या दर्शनी भागावर नाजूक जाळ्या आणि झरोके आले. बडोद्यात वीट आणि नक्षीदार लाकूड यांची परंपरा होती, ती तिथल्या घरांनी उचलली. इंदूरच्या नशिबी मात्र तोच मुलुखाकडचा दगड आला, जो टाकीला, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीला, दाद देत नाही, म्हणून नक्षीपेक्षा घडणीवर भर देतो, आणि ज्याचा रंग पावसात भिजण्याचे दिवस सोडले तर राखाडीच असतो. नातेवाइकांत ग्वाल्हेर-बडोद्याचे लोक आहेत; त्यांच्यासमोर हे बोलले की वाद होतो, पण माझे मत कायम आहे.

होळकरांच्या राजवाड्याकडे या दृष्टीने पाहावे. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी आणि वरचे लाकडी, अशी त्याची रचना आहे. वास्तू अनेकदा जळाली. १९८४ च्या दंगलीतली आग आमच्या पिढीच्या आठवणीतली आहे. समोरच्या चौकात संध्याकाळी उभे राहिले तर खालच्या दगडाचा जड करडा रंग आणि वरच्या लाकडाचा तपकिरी रंग एकमेकांना कसे सांभाळतात ते दिसते. तिथून चालत कान्ह नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, म्हणजे होळकरांच्या समाधिवास्तूंपर्यंत, गेले की तोच गडद दगड, बिनरंगाचा, खांबा-कमानींत दिसतो. पारंपरिक घरात राखाडी रंग शोभेल की नाही अशी शंका ज्यांना आहे त्यांनी हा फेरफटका जरूर मारावा. आणि आधुनिक रूपाचे वावडे ज्यांना आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावे, की याच शहरात १९३० च्या दशकात दुसऱ्या यशवंतराव होळकरांनी एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुरचनाकाराकडून माणिकबाग पॅलेस उभारून घेतला होता. त्याच्या सपाट, अलंकारहीन खोल्यांसाठी युरोपातल्या नामवंत रचनाकारांचे फर्निचर आले होते. जुने आणि नवे यांची भांडणे इंदूरने फार पूर्वी मिटवली आहेत. घरोघरी ती अजून चालतात एवढेच.

आमच्या घरातला दगड मात्र दिसतच नव्हता. मागच्या पिढीत कधीतरी, स्वच्छ आणि नवे दिसावे म्हणून, ओटीच्या जोत्याला आणि चौकातल्या खांबांच्या तळखड्यांना ऑइलपेंट देण्यात आला होता, आणि पुढे दर मोठ्या कार्याच्या आधी त्यावर एक हात चढत गेला. पहिला ठेकेदार आला त्याने पाहताक्षणी उपाय सांगितला: ‘भाभीजी, इसपे भी डार्क ग्रे पेंट मार देते हैं, एकदम पत्थर जैसा लगेगा।’ दगडावर दगडासारखा रंग देण्याची ही सूचना त्याने अत्यंत गांभीर्याने केली होती.

रंग काढण्याचे काम हळू चालते आणि ते तसेच चालू द्यावे. ग्राइंडर लावला तर तासाभरात दगड उघडा होतो, पण पाथरवटाने घातलेल्या टाकीच्या खुणा त्याबरोबर घासून जातात आणि त्या जागी गोल गोल चरे उमटतात. तारेच्या ब्रशाचे बारीक लोखंडी कण दगडाच्या छिद्रांत अडकतात आणि पावसाळ्यात तिथे गंजाचे डाग धरतात. ॲसिड तर दरजांमधला, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांतला, चुनाच खाऊन टाकते. त्यामुळे रंग मऊ करणारे जेल लावायचे, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने तो खरवडायचा आणि नायलॉनच्या ब्रशाने पाण्याखाली धुवायचा, हाच रस्ता उरतो. यात एक गोष्ट सौंदर्याची नसून प्रकृतीची आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगांतले शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपुरते मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरभर उडवू नये, विशेषतः घरात लहान मुले असतील तर मुळीच नाही. ओला करून खरवडावा, पोपडे गोळा करून बांधून ठेवावेत, आणि मुलांना त्या दिवसांत आजोळी पाठवावे.

ओटीच्या डाव्या कोपऱ्यातला चिरा सगळ्यांत आधी मोकळा झाला. पट्टीच्या कडेला रंगाचे थर एकाखाली एक दिसत होते: वर चॉकलेटी, त्याखाली फिकट हिरवा, मग मळकट गुलाबी, आणि अगदी तळाशी दगडाला चिकटून चुन्याचा पांढरा पापुद्रा. त्याखाली दगड निघाला तेव्हा त्याच्या तोंडावर तिरप्या रेघांचे ठसे होते, डावीकडून उजवीकडे उतरणारे, साधारण बोटभर अंतरावर. शेजारच्या चिऱ्यावर त्या रेघा उलट्या दिशेने होत्या. दोन वेगळे पाथरवट असतील, किंवा एकाच पाथरवटाने दगड फिरवून घेतला असेल. त्या रेघांत सकाळचे तिरपे ऊन अडकते आणि चिऱ्याच्या एका राखाडीच्या चार छटा होतात. रंगाच्या कार्डावर हे मिळत नाही, कारण कार्डावरचा राखाडी रंग सपाट असतो आणि दगडाचा राखाडी रंग निम्मा सावलीचा असतो.

दरजांचे काम त्याहून नाजूक होते. कोणीतरी मधल्या काळात सगळ्या दरजा सिमेंटने फुगवून भरल्या होत्या. सिमेंट कडक असते आणि पाण्याला वाट देत नाही. त्यामुळे जोत्यातून वर येणारी ओल दरजेतून बाहेर पडण्याऐवजी वर चढत जाते, भिंतीत पोहोचते, क्षार सोडते, आणि गिलाव्याला लोणा लागतो. आतल्या खोल्यांत कमरेइतक्या उंचीपर्यंत जे फुगवटे आणि पोपडे दर दिवाळीला नव्या रंगाखाली दाबले जात होते, त्यांचे मूळ इथे होते. दरज नेहमी दगडापेक्षा मऊ असावी, म्हणजे झीज सोसायची वेळ आली तर ती दरजेने सोसावी, असा जुन्या बांधकामाचा साधा नियम आहे.

चुन्याचे काम जाणणारा मिस्त्री शोधणे हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत जिकिरीचा भाग होता. सिमेंट मारणारे शंभर मिळतात. शेवटी महेश्वरच्या बाजूला देवळांच्या दुरुस्तीवर काम केलेला एक वयस्कर मिस्त्री मिळाला. तो बोलायचा कमी आणि चुना जिभेवर ठेवून पाहायचा, जे मला अखेरपर्यंत सहन झाले नाही. चुना कटनीचा आला. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाण्यात टाकताच तो उकळून फुटतो आणि विरतो. आणि गिलावा होऊन भिंतीवर बसला, की हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत हळूहळू पुन्हा दगड होतो. हे परत दगड होणे महिनोन्‌महिने चालते. म्हणून घाईच्या माणसाने या वाटेला जाऊ नये. विरवलेला चुना हौदात पाण्याखाली मुरू द्यावा लागतो, गिलाव्याचा प्रत्येक थर पातळ द्यावा लागतो, आणि तो दिवसेंदिवस ओलसर ठेवावा लागतो. गूळ, बेलफळाचा गर, मेथीचे पाणी यांपैकी काय घालायचे यावर मिस्त्री आणि आमच्या घरातल्या बायका यांच्यात बराच काथ्याकूट झाला. गूळ आणि बेल घातला. मेथी आत्याबाईंनी, म्हणजे यांच्या आत्यांनी, लाडवांसाठी राखून ठेवली.

इंदूरला चुन्याचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि ते म्हणजे इथली काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरची घरे दर वर्षी थोडी थोडी हलतात. सिमेंटचा गिलावा ही हालचाल सोसत नाही, त्याला लांब भेग पडते. चुना थोडा लवतो, आणि बारीक तड गेली तरी पावसाच्या ओलाव्यात विरघळलेला चुना त्या तडीत पुन्हा बसून ती पुष्कळदा बुजवतो.

आता रंग. गिलाव्याला राखाडी छटा देण्यासाठी आम्ही वरून रंग दिला नाही. भरणातच बसाल्टची चुरी मिसळली. इंदूरच्या आसपासच्या क्रशरवर ही चुरी ढिगाने मिळते, म्हणजे जोत्याचाच दगड बारीक होऊन भिंतीत आला. साधारण एक भाग चुना आणि अडीच-तीन भाग भरण, आणि त्या भरणात वाळू, सुरखी (विटांची पूड) आणि चुरी यांचा मेळ, अशी ही कृती होती. सुरखी वाढली की राखाडीत गुलाबीपणा येतो, चुरी वाढली की तो निळ्याकडे झुकतो. मिस्त्रीने चौकातल्या भिंतीवर हातहातभर लांबीरुंदीचे नमुने काढून दिले. ओला असताना प्रत्येक नमुना इतका गडद दिसे, की दीर आनंदून जात आणि मी धास्तावत असे. वाळला की तो दोन-तीन छटा फिका होई आणि आमच्या भावनांची अदलाबदल होई. चुन्याचा रंग वाळल्याशिवाय ठरवू नये हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि ओल्या भिंतीसमोर उभे राहून गप्प बसणे वेगळे.

याच टप्प्यावर आत्याबाईंनी आपला आक्षेप नोंदवला. आत्याबाई म्हणजे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या, आणि भिंतींच्या बाबतीत फक्त पांढरा आणि पिस्ता हे दोनच रंग मानणाऱ्या. ‘अगं, राहत्या घराला राख फासायची का?’ असे त्यांनी विचारले. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण त्यात आपल्याकडची एक जुनी भीती आहे: राखाडी म्हणजे विझलेले, सुतकी, दरिद्री. नवरात्राच्या नऊ रंगांत राखाडीचा दिवस आला की कपाटासमोर उभ्या राहून कुरकुरणाऱ्या बायका मी वर्षानुवर्षे पाहिल्या आहेत. त्यांच्यापैकी मीही एक आहे. मी म्हटले, ‘आत्याबाई, इथून ५५ किलोमीटरवर रोज पहाटे महाकालाला भस्म चढते, त्या आरतीसाठी तुम्ही रात्रीपासून रांगेत बसलेल्या आहात.’ त्यावर त्यांनी ‘तो देव आहे, आपण माणसे आहोत’ असे उत्तर दिले. हे उत्तर मला आजही खोडता आलेले नाही. पण चुलीतल्या राखेने घासलेली पितळेची भांडी, राखेत ठेवलेले कडधान्य, शेणाने सारवलेल्या जमिनीचा वाळल्यावर येणारा करडा-हिरवा रंग, हे सगळे त्यांच्याच बालपणातले आहे, आणि तेव्हा तो रंग कोणाला अशुभ वाटला नव्हता. तडजोड अशी झाली, की देवघर आणि स्वयंपाकघर पांढऱ्या चुन्याचेच राहील, आणि राखाडी गिलावा ओटी, चौक व बैठकीच्या खोलीपुरता ठेवायचा. या तडजोडीने घराचे भलेच झाले. सलग राखाडीत फिरताना मध्येच लागणारी पांढरी खोली डोळ्याला विसावा देते, आणि समईच्या उजेडाला पांढऱ्या भिंतीइतकी दुसरी भिंत मानवत नाही.

राखाडी रंग निवडताना लोक ज्या गोष्टीत फसतात ती म्हणजे शेजार. पॅरिसमधल्या गोब्लां या प्रसिद्ध विणकामशाळेत रंगाईचा प्रमुख असलेल्या मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाकडे तक्रार आली होती, की तिथले काळे रंग मरगळलेले दिसतात. त्याने तपासले तेव्हा रंगात दोष नव्हता. निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी तो काळा मरगळलेला दिसत होता. शेजारचा रंग आपला विरुद्ध रंग दुसऱ्यावर टाकतो, हा त्याचा सिद्धान्त १८३९ साली प्रसिद्ध झाला. राखाडीला स्वतःचा रंग जवळजवळ नसल्यामुळे हा परिणाम त्याच्यावर सर्वांत जास्त दिसतो. सागवानाचे खांब नारिंगी-तपकिरी असतात. त्यांच्यालगतचा तटस्थ राखाडीसुद्धा निळा पडतो. पितळी समईच्या मागे तो जांभळट होतो. म्हणून सागवान आणि पितळ असलेल्या पारंपरिक घरात राखाडी निवडताना तो मुद्दाम थोडा उबदार, मातीकडे झुकणारा घ्यावा. जागेवर तो आपोआप समतोल दिसतो. आमच्या नमुन्यांतला जो सुरखी जास्त असलेला, सुटा पाहिला तर जरा गुलाबी वाटणारा होता, तोच खांबांच्या मधोमध नेमका राखाडी दिसला.

उजेडाचेही तसेच आहे. उत्तरेकडच्या खोलीत थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड येतो, आणि तिथे थंड राखाडी भिंत दिवसभर पावसाळी हवेसारखी उदास राहते. पश्चिमेच्या खोलीत तीच भिंत चार वाजल्यानंतर सोनेरी होते. रात्रीचे दिवे तर केलेल्या कामावर पाणी फिरवू शकतात. बाजारात सर्रास मिळणारा ६५०० केल्विनचा पांढराशुभ्र एलईडी राखाडी घराला दवाखान्याची कळा आणतो. २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर दिवा लावला तर तीच भिंत ऊब धरते. दिवे बदलायला भिंतीच्या मानाने काहीच खर्च येत नाही. ज्यांना घराचा राखाडी रंग आवडेनासा झाला आहे त्यांनी रंगाऱ्याला बोलावण्याआधी दिवे बदलून पाहावेत.

जमिनीबद्दल फार चर्चा झाली नाही. चौकात जुनी बसाल्टची फरशी होती ती उचलून, खाली उतार देऊन, पुन्हा तीच बसवली. खोल्यांत सिमेंटी फरशा फुटल्या होत्या तिथे कोटा दगड घातला. माळव्याला राजस्थान लागूनच, त्यामुळे कोट्याकडची ही हिरवट-निळसर राखाडी फरशी इकडे पूर्वीपासून वापरात आहे, आणि ती स्वस्त म्हणून तिला सरकारी शाळेची फरशी असे हिणवले जाते. सांधे बारीक ठेवले, दरजांत मिळताजुळता राखाडी भरला आणि आरशासारखे पॉलिश टाळून मंद घोटाई केली, तर कोट्याइतकी शांत जमीन दुसरी नाही. एवढेच लक्षात ठेवावे, की हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, व्हिनेगर आणि शौचालय धुण्याचे ॲसिड त्याला चालत नाही. मोलकरणीला हे समजावून सांगणे हा कोटा बसवण्याचाच एक भाग समजावा.

लाकडाला आम्ही रंगापासून सोडवले आणि जवसाचे तेल पाजले. चौकातले सुरूच्या आकाराचे खांब, त्यांवरची केळफुलाची नक्षी, महिरपी आणि कडीपाटाचे छत, हे सगळे तेलाने गडद तपकिरी झाले. बाहेरच्या खिडक्यांच्या झडपांना मात्र मी काहीच लावू दिले नाही. साग उन्हापावसात राहिला की त्याचा वरचा पापुद्रा आपोआप चंदेरी राखाडी होतो, आणि आतले लाकूड चांगले राहते. सुताराला वाटले की मी पैसे वाचवते आहे. रस्त्यावरून पाहिले तर खाली जोते, वर झडपा, दोन्ही करडे, आणि मध्ये गिलाव्याचा फिका पट्टा, एवढ्यावरच घराचा दर्शनी भाग उभा आहे.

अशा घरात बाकीचे रंग मोजून यावेत. बैठकीच्या खोलीला पडदे महेश्वरी कापडाचे केले. रेशमी ताण्यावर सुती बाण्याचे हे कापड उजेड अडवत नाही, गाळून घेते. त्याच्या काठांवरच्या लाटा, विटा आणि चटया महेश्वरच्या घाटा-किल्ल्यावरून उतरल्या असे सांगतात. पारव्या रंगाच्या कापडाला काळा-तांबडा काठ, एवढा रंग खिडकीला पुरतो. बैठकीवरची चादर धार जिल्ह्यातल्या बागच्या ठशांची घेतली. तिचा लोखंडापासूनचा काळा आणि तुरटीवर चढवलेला लाल राखाडी भिंतीसमोर जितका खुलतो तितका मी पांढऱ्यासमोर कधी पाहिला नव्हता. पितळ आणि तांबे घरात होतेच. मात्र आजेसासूबाईंचे घंगाळ कुंडी करून ओटीवर मांडायला मी नकार दिला. ते बंबाशेजारी वापरात होते आणि तिथेच चांगले दिसते. पारंपरिक सजावटीच्या नावाखाली बैलगाडीची चाके भिंतीला टांगणे, जाते काचेखाली ठेवून त्याचा टीपॉय करणे, पीओपीच्या महिरपी चिकटवून त्यांना सागवानी रंग देणे, हे प्रकार मला मानवत नाहीत. कोनाडा असेल तर त्यात काहीतरी रोज ठेवले-काढले जावे, खुंटीला टोपी किंवा पिशवी अडकावी. नुसता देखावा म्हणून बांधलेल्या कोनाड्यात महिन्याभरात चार्जर आणि औषधांच्या पट्ट्या जमतात, आणि तेव्हा कुठे त्याला कोनाड्याची योग्यता येते.

स्वयंपाकघराचा ओटा काळ्या कडाप्प्याचा आहे आणि न्हाणीघरात बाजारातल्या साध्या फरशा आहेत. त्यांत सांगण्यासारखे काही नाही.

राहिला वरचा मजला. तो १९८० च्या दशकात स्लॅब टाकून चढवलेला, त्याला ना कडीपाट, ना महिरप. तिथली खोली पुतण्याची. तो पुण्याला नोकरीला आहे, सुट्टीत येतो, आणि त्याला आपली खोली छायाचित्रातल्यासारखी हवी होती. दिरांना भीती होती, की काकू इथेही चुना आणील. पण सिमेंटच्या खोलीला चुन्याचा मुखवटा चढवणे मला पीओपीच्या महिरपीइतकेच खोटे वाटले असते. सिमेंटलाही स्वतःचा राखाडी असतो, आणि पुट्टी-प्रायमरखाली तो कायमचा गाडला जात असल्यामुळे आपल्याला तो ठाऊकच नसतो. म्हणून त्या खोलीतली पुट्टी खरवडून टाकली, गिलावा जिथे फुटला होता तिथे सिमेंटनेच भरला, आणि वर फक्त पारदर्शक सीलरचा हात दिला. जुन्या-नव्या गिलाव्याचे ठिगळ वेगवेगळ्या छटांत स्पष्ट दिसते, छताला शटरिंगच्या फळ्यांचे ठसे आहेत, आणि एका भिंतीवर कोण्या गवंड्याने पेन्सिलने मांडलेली विटांची बेरीज निघाली, ती तशीच ठेवली आहे. पुतण्याने फॉल्स सीलिंगचा हट्ट सोडला, कारण त्याच्या मित्रांना फळ्यांचे ठसेच जास्त आवडले. आत्याबाईंना गुडघ्यांमुळे वर जाणे होत नाही. त्या एकदाच, दिरांचा हात धरून, खोली पाहून आल्या. तेव्हापासून घर बघायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या जिन्यापाशीच अडवतात आणि वरचा रंग अजून व्हायचा आहे, तो झाला की सावकाश बघा, असे सांगून चहाला बसवतात.